बांगडीवाल्या मावशींचे दोन फोन

खराडी गावठाणात तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी शाइस्ता मणियार यांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. पण त्या दोन भिंतींवर हिरव्या रंगाच्या जेवढ्या छटा आहेत, तेवढ्या समोरच्या आयटी पार्कवाल्यांनी आपल्या हिरवळीत सुद्धा लावलेल्या नाहीत. आणि या दुकानाचा एक दिमाख होता. इथे बाईला माप दोनदा विचारत नाहीत. एकदा हात हातात घेतला, बोटं जुळवून दाबून पाहिली, माप सांगितलं, संपलं. पुढच्या वेळी बाईने नुसता फोन करायचा, माल बरोब्बर मापाचा येणार. लग्नघरच्या बायका शहरातली मोठमोठी दुकानं सोडून खराडीच्या या बोळात येत, त्या याच एका गोष्टीसाठी.

आता माणसाच्या डोक्यात किती मापं राहणार? शाइस्ताचा हात माप विसरत नसे, पण नाव ऐकून माप आठवणं हे तिलाही जमत नसे. म्हणून ती मापं, म्हणजे सव्वादोन इंच, अडीच इंच आणि त्यांच्या मधलं ते दोन-सहा, फोनमध्ये ठेवायची, तीही थेट नावातच. 'राजनंदिनी वाघोली सव्वादोन.' 'राजनंदिनीची आई वाघोली दोन-सहा उजवा घट्ट.' 'राजनंदिनीची आजी वाघोली अडीच हाड मोठं.' या तिघींच्या खाली नंबर मात्र एकच, 'नागोराव वाघोली' म्हणजे राजनंदिनीच्या वडिलांच्या नावाखाली होता तोच. कारण शाइस्ताने ही नावं घातली तेव्हा त्या घरात फोन एकच होता आणि तो नागोरावांच्या खिशात राहायचा. घरोघरी तीच तऱ्हा. तिच्या फोनमध्ये सहाशे अकरा नावं होती आणि नंबर जेमतेम दीडशे. त्यात कधी काही बिघडलं नव्हतं, म्हणून तिने कधी त्याचा विचारही केला नव्हता.

बिघडलं ते आधी फोनचंच. नऊ वर्षांचा तो बिचारा जीव एका सकाळी पुरीसारखा फुगला आणि त्याची पाठ उघडी पडली. झालं! घरात निवडणूक लागली. मुलगी उम्मेहानी आयटी पार्कात नोकरीला, ती आयफोनची. मुलगा इरफान सणसवाडीच्या कारखान्यात, तो अँड्रॉइडचा. दोघं लहानपणी शेवटच्या कबाबावरून भांडली नसतील इतकी आता भांडली.

"अम्मी, एकदा आयफोन वापर, परत दुसरा हातात घेणार नाहीस," उम्मेहानी म्हणाली.

"घेणारच नाही. दुसरा घ्यायला घरात काही उरायला तर हवं," इरफान म्हणाला.

शाइस्ताचे यजमान अकबरभाई, म्हणजे हे दुकान ज्यांनी सुरू केलं ते, डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून दुकान बायकोवर सोपवून दाराशी खुर्ची टाकून बसत. त्यांनी निकाल दिला, "दोन्ही आणा. आठ दिवस वापरू दे तिला. रविवारी ती सांगेल ते खरं." उम्मेहानीने स्वतःचा जुना आयफोन आणला, इरफानने दुकानदार मित्राकडून नवा अँड्रॉइड आठ दिवसांच्या बोलीवर उचलून आणला. नावं आणि व्हॉट्सअ‍ॅप उम्मेहानीने दोन्हींत जोडून दिलं. चोपन्न वर्षांच्या शाइस्ताला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दोन गोष्टी समोर ठेवून 'तुला कुठली हवी' असं विचारलं होतं. ती अशी काही खूश झाली की सोमवारी दुकान अर्धा तास आधी उघडलं.

मग काय विचारता! आठ दिवस बोळात दुसरा विषय नाही. आधी फोन उघडण्यापासूनच सुरुवात. अँड्रॉइडला बोट लावायचं, पण तीस वर्षं काच हाताळून शाइस्ताच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. फोन म्हणतो, ओळख पटली नाही. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. "माझाच फोन मला विचारतो, तू कोण?" म्हणून ती वैतागली. आयफोनने मात्र चेहरा पाहिला आणि दार उघडलं. आयफोनला एक गुण! लगेच दुसरं. एखाद्या पानावरून मागे यायचं तर अँड्रॉइडच्या तळाशी तीन खुणांतली एक दाबायची, कुठेही असा, मागे म्हणजे मागे. आयफोनमध्ये डाव्या कडेवरून बोट सरकवायचं आणि वर मनात दुवा मागायची. मंगळवारी ती एका ग्राहकाच्या फोटोत अशी अडकली, की शेजारच्या किराणावाल्याला हाक मारून बाहेर यावं लागलं. अँड्रॉइडला गुण.

फोटोत तर तिने जीवच ओतला. त्याच बांगड्या, तोच उजेड, दोन्ही फोनवर फोटो काढून ती दाराशी उन्हात नेऊन खऱ्या काचेशेजारी धरायची. अँड्रॉइडच्या फोटोत हिरवा चुडा पोपटी होऊन नाचायचा. आयफोनच्या फोटोत तो होता तसा, जरा गंभीर. "लोकांना पोपटीच आवडेल," अकबरभाई म्हणाले. "आवडेल हो, पण बाई घरी नेऊन म्हणेल फोटोत वेगळा होता, तेव्हा तुम्ही जाणार का भांडायला?" शाइस्ता म्हणाली. गुण आयफोनला.

आणि बुधवारी तिला अँड्रॉइडचा माइक सापडला. एका बाईचा हात हातात होता, दोन्ही हात साबणाने बुळबुळीत, बांगडी अर्धी चढलेली, आणि माप तर लिहायला हवं. तिने कोपराने माइक दाबला आणि मराठीत सांगितलं, "सुनबाई मांजरी दोन-सहा." पडद्यावर अक्षरं उमटली. शाइस्ता ओरडलीच! बाई दचकली, बांगडी वाढली. आमच्याकडे काचेची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण त्या दिवशी शाइस्ताला तिचंही काही वाटलं नाही. आयफोनमध्ये असलं बटण असेलही, पण ते सापडेपर्यंत तिचे हात वाळले होते.

त्याच संध्याकाळी तिने आणखी एक शोध लावला. नावांच्या शोधात नुसतं 'अडीच' घातलं की गावातल्या सगळ्या अडीचच्या बायका एका रांगेत हजर! "उम्मे, हा आयफोन बघ काय करतो!" उम्मेहानी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "अम्मी, ते तुझ्या जुन्या फोनमध्ये नऊ वर्षं होतं." म्हणजे नऊ वर्षं ती सहाशे नावं बोटाने सरकवत शोधत होती. कुणालाही हे सांगायचं नाही, असं तिने मुलीला बजावलं.

आता खरी गोष्ट. रविवारी वाघोलीच्या सोसायटीत राजनंदिनीचा चुडा भरायचा होता. नवरीसह बेचाळीस बायका. बाईमागे एक डझन, नवरीचा चुडा वेगळा. एका बैठकीत एवढं काम तिला पूर्वी मिळालं नव्हतं, आणि सोसायटीतल्या निम्म्या घरांत मुली लग्नाच्या. हे काम नीट झालं तर पुढची चार वर्षं वाघोली तिची. कुठल्या मापाच्या किती डझन, हे रविवार पेठेतल्या होलसेलवाल्या रणजितशेठना शुक्रवारी चारच्या आत सांगायचं होतं, कारण शनिवारी त्यांचं दुकान बंद. सव्वादोनची बाई आणि हातात दोन-सहाच्या बांगड्या, असं एकीचं जरी झालं, तरी माप दोनदा न विचारण्याचा सगळा दिमाख त्या हॉलमध्ये बेचाळीस जणींसमोर मातीत जाणार होता.

शुक्रवारी साडेदहाला शाइस्ता यादी करायला बसली. अँड्रॉइड उघडला. फोनने अदबीने विचारलं, एकाच नंबरची नावं दिसताहेत, एकत्र करायची का? शाइस्ता टापटिपीची बाई. तिच्या दुकानात एका मापाच्या बांगड्या एकाच डब्यात राहतात. तिला वाटलं, किती शहाणा फोन! एका घरच्या सगळ्या बायका एका डब्यात नीट बसवून देतो म्हणतोय. तिने 'सगळी एकत्र करा' दाबलं आणि कौतुकाने बघत राहिली.

सहाशे अकराची दीडशे नावं झाली. राजनंदिनी गेली, आई गेली, आजी गेली. राहिलं काय तर, 'नागोराव वाघोली'. घरोघरचे पुरुष तेवढे जागेवर उभे आणि बायका मापांसकट नाहीशा.

 शाइस्ताला लगेच आठवलं, आयफोन आहे की! तिने झडप घालून तो उघडला. तिथेही नागोराव वाघोली. दोन्ही फोनना नावं एकाच खात्यातून येत होती, हे तिला कोण सांगणार? जुना फोन तर इरफानने धोका म्हणून कधीच टाकून दिलेला. उम्मेहानीला फोनवर फोन लावले, ती दिवसभर मीटिंगमध्ये. इरफानचा फोन कारखान्याच्या फाटकावर लॉकरमध्ये. अकबरभाई म्हणाले, "घाबरू नकोस." "मी घाबरले नाही, मी मेले आहे," शाइस्ता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि जो नंबर उरला होता तोच फिरवला.

"नागोरावभाऊ, जरा राजनंदिनीच्या आईला फोन देता?"

"मावशी, मी साईटवर आहे. ती घरी आहे. तिच्याच फोनवर लावा ना."

"त्यांना फोन आहे?"

नागोरावांना नांदेडकडून पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्यांनी पुण्याची भाषा पूर्ण घेतली नव्हती, पण टोमणा घेतला होता. "नाही हो, आम्ही अजून कबुतरं पाठवतो," ते म्हणाले आणि त्यांनी बायकोचा आणि राजनंदिनीचा, दोन्ही नंबर दिले.

राजनंदिनीने दहा मिनिटांत आजी सोडून सगळ्यांचे नंबर नावांसकट पाठवले. आजीसाठी माझ्याच फोनवर लावा म्हणाली. शाइस्ता बघतच राहिली. चाळीस बायका आणि चाळीस वेगवेगळे नंबर! या सगळ्याजणींकडे कधी फोन आले? ती त्यांना अजून कुणाच्या तरी खिशातच ठेवून बसली होती.

पण नंबरने माप कळत नाही. पहिल्या चार जणींना तिने विचारून पाहिलं. चौघींचं उत्तर एकच, "माप? ते तर तुम्हालाच माहीत, मावशी!" बरोबरच होतं. माप विचारायचंच नाही, अशी सवय तिनेच लावली होती.

साडेअकरा वाजले. शाइस्ताने दोन्ही फोन समोर ठेवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात हातात येत नसेल, पण डोळ्यांसमोर तर येईल! आयफोन तिने काचेच्या डब्याला टेकवून उभा केला, व्हिडिओ कॉल लावला. अँड्रॉइड मांडीवर, माइक चालू.

"निकिता, अंगठा तळव्यात मुडप. बोटं जुळव. हात आडवा धर. आणि शेजारी एटीएम कार्ड धर, म्हणजे मला अंदाज येईल."

"एटीएम कार्ड?" निकिता नवरीची मैत्रीण, बँकेतच कामाला. "मावशी, पिन पण सांगू का? की ओटीपी आल्यावर एकदमच?"

पुढच्या दोघींनी तर कार्ड ऐकताच फोन कापला. शाइस्ताने कपाळावर हात मारला आणि कार्डाऐवजी दहा रुपयांचं नाणं मागायला लागली. दहा रुपयांना कोण भितो? आणि मग जे काही सुरू झालं! एकीचा हात पोळपाटावरून, एकीचा गाडीच्या खिडकीतून, एकीचा ऑफिसच्या जिन्यात लपून. आयफोनमध्ये हाताचं हाड न् हाड स्वच्छ दिसायचं. शाइस्ता डोळे बारीक करून बघायची, मुठीचा उंचवटा कुठे आहे, अंगठ्याचं बूड किती मऊ आहे, आणि मग मांडीवरच्या फोनला सांगायची, "निकिता, दोन-सहा, डावा सैल." फोन लिहून घ्यायचा. एक बघणार, दुसरा ऐकणार! तीस वर्षांच्या धंद्यात तिला इतकी मजा कधी आली नव्हती. तीन वाजता आयफोन गरम होऊन थकला, तर तिने त्याला पंख्याखाली धरून वारा घातला. दाराशी अकबरभाई, किराणावाला आणि दोन रिकामटेकडे प्रेक्षक गोळा झाले होते आणि प्रत्येक मापाला मान डोलावत होते.

तीन पंचावन्नला तिने रणजितशेठना बेरीज सांगितली. त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बेचाळीस बायकांच्या हातांवर दिवस घालवल्यावर माणसाला एवढंच ऐकायला मिळतं.

पाचला उम्मेहानीचा फोन आला. "अम्मी, सोळा मिस्ड कॉल? काय झालं?" ऐकून ती आधी हसली, मग कंप्युटरवर काहीतरी केलं, आणि दोन मिनिटांत सहाशे अकरा नावं परत आली. कालची यादी परत आणता येते, इतकंच! शाइस्ताला मुलीला एक चापट मारावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. तिने घाईघाईने मापं ताडून पाहिली. तीन सोडून सगळी जुळली. त्या तिघींना तिने पुन्हा व्हिडिओवर पाहिलं. एकीला मध्ये बाळ झालं होतं, एक आजारातून उठली होती, एक जिमला जात होती. जुनी यादीच चुकली होती! शाइस्ता दुकानात एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिली.

रविवारची वाट न बघता शनिवारीच तिने निकाल लावला. "अँड्रॉइड ठेवते. माझे दोन्ही हात कायम कुणाच्या तरी हातात असतात. जो माझं ऐकून लिहितो, तो माझा." इरफानने घरभर उड्या मारल्या. उम्मेहानी फुगून बसली, पण रविवारी फोटो काढायला आयफोन स्वतःच आईच्या पिशवीत घालून दिला.

रविवारी वाघोलीच्या हॉलमध्ये हिरव्या रंगाचा पूर आला होता. एकामागून एक हात येत होते आणि बांगड्या सरसर चढत होत्या. एकही घट्ट नाही, एकही सैल नाही. एकेचाळीस बायका भरून झाल्या, राहिली ती आजी, मुक्ताई. "म्या मागनं भरीन, आधी पोरींचं व्हऊ दे," असं म्हणून ती भिंतीला टेकून बसली होती. राजनंदिनीने फोटोंसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर बायकांचा एक ग्रुप केला, आपल्यासोबत काकूंना अ‍ॅडमिन केलं आणि त्यात शाइस्तालाही घेतलं. एवढ्यात हॉलच्या पलीकडून नवरीच्या हेमाकाकूंचा आवाज आला.

"राजनंदिनी, आपल्या बायकांच्या ग्रुपमध्ये हे अकबर कोण गं? पुरुष कशाला घेतलास? मी काढलं त्यांना."

शाइस्ताच्या फोनवर ओळ उमटली. तिला ग्रुपमधून काढलं होतं.

"ते अकबर मीच," शाइस्ता म्हणाली.

हॉलभर हशा उसळला. जी ती आपापला फोन काढून बघायला लागली. कुणाकडे 'अकबर बांगडीवाले', कुणाकडे 'अकबरभाई खराडी', कुणाकडे नुसतंच 'अकबर चुडा'. नंबर पूर्वी अकबरभाईंचा होता, हे खरं. पण अकरा वर्षं फोन तीच उचलत होती. शाइस्ताही पोट धरून हसली. पण तिला वाईटही वाटलं, आणि रागवायचं कुणावर हे कळेना. तिने स्वतः शेकडो बायकांना असंच लिहून ठेवलं होतं.

हसू ओसरलं तशी राजनंदिनी तिच्यासमोर येऊन बसली. पाचव्या वर्षापासून या पोरीच्या हातात तिने बांगड्या भरल्या होत्या.

"मावशी, तुमचं नाव काय हो?"

"शाइस्ता."

"शाइस्ता," हेमाकाकू म्हणाल्या. त्यांनी फोन नाकाशी नेला. "इथे बदलायचं कसं? मला सापडत नाही."

"तुमचा कुठला? आयफोन?" शाइस्ता उठली. "नावावर जा. वर उजव्या कोपऱ्यात बघा, तिथे दाबा. हां. आता जुनं पुसा." शेजारून दुसरीने फोन पुढे केला. "तुझा अँड्रॉइड? त्या पेन्सिलवर बोट ठेव." तिसरी आली, चौथी आली. बांगड्यांची हातभर खळखळ, आणि त्यातून शाइस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. कोपरा, पेन्सिल, कोपरा, कोपरा, पेन्सिल. आठ दिवसांत दोन्ही फोन कोळून प्यायलेली त्या हॉलमध्ये ती एकटीच होती. एकेकीच्या पडद्यावरून अकबर पुसला जात होता आणि तिथे ती येत होती. हेमाकाकूंनी कोरड्या आवाजात "चुकलं हो" म्हटलं आणि तिला ग्रुपमध्ये परत घेतलं.

भिंतीकडून मुक्ताईने हाक मारली. "माझ्याकडं फोन न्हाय बाई. मला लिवताबी येत न्हाय. येक डाव तोंडानं सांग, ध्येनात ठिवते."

"शाइस्ता," ती जवळ बसत म्हणाली.

म्हातारीने दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. मग अंगठा तळव्यात मुडपला आणि हात पुढे केला.

"शाइस्ता, भर आता."